अपप्रचार आणि लोकशाही : गोव्याच्या अनुभवातून

१७ फेब्रुवारी १९५४ च्या रात्री म्हापसा येथे एक भोजनसमारंभ चालू होता. शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. प्रथेप्रमाणे भाषणे झाली आणि एका वक्त्याने हा प्रदेश म्हणजे पोर्तुगालच होय, अशा आशयाचे वाक्य उच्चारले. त्या काळच्या समारंभांत हे वाक्य नवीन नव्हते. पानात मीठ वाढावे तसे ते प्रत्येक भाषणात वाढले जाई आणि ऐकणारे ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत. त्या रात्री मात्र पाहुण्यांपैकी एकाने उघडपणे म्हटले, "माझा निषेध आहे." हे गृहस्थ म्हणजे म्हापशाचे शल्यचिकित्सक डॉ. पुंडलिक गायतोंडे. एवढ्या शब्दांसाठी त्यांना अटक झाली आणि पुढे पोर्तुगालला नेऊन तुरुंगात ठेवण्यात आले.

गोव्यातील पुष्कळ वाचकांस ही घटना ठाऊक असेल. आपण तिच्याकडे शौर्यकथा म्हणून पाहतो आणि ती तशी आहेही. परंतु शाळेत ती शिकवताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पलटणी, पोलीस, न्यायालये आणि नभोवाणी हाती असलेल्या राजवटीला जेवणाच्या मेजावरील एका वाक्याचे इतके भय का वाटावे? त्या ठिकाणी बसलेल्यांपैकी किती जणांचा वक्त्याच्या विधानावर मनापासून विश्वास असेल? बहुधा फारच थोड्यांचा. राजवटीचीही तशी अपेक्षा नव्हती. असत्यावर लोकांनी विश्वास ठेवलाच पाहिजे असे हुकूमशाहीला वाटत नाही. त्या असत्याला कोणी चारचौघांत असत्य म्हणू नये, एवढ्यावर तिचे भागते. डॉ. गायतोंडे यांनी नेमकी तीच गोष्ट केली होती.

ही स्थिती एका दिवसात आली नव्हती. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, मराठी शाळा निघाल्या, नियतकालिके निघाली. केपे येथून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली 'भारत' हे पत्र सुरू केले. पोर्तुगीज भाषेत लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारखे तेजस्वी पत्रकार लिहीत होते. मे १९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव झाला आणि हा काळ संपत आला. १९२८ साली अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार हे अर्थमंत्री झाले, १९३२ साली पंतप्रधान झाले. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यासारख्या प्रदेशांना दुय्यम ठरवले. त्याविरुद्ध ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडून आवाज उठवला. पण असा आवाज उठवण्याची जागाच पुढे राहिली नाही.

१९ मार्च १९३३ रोजी पोर्तुगालमध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेण्यात आले. त्यातील एक युक्ती शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. जे मतदानास आले नाहीत, त्यांची मते होकारार्थी धरण्यात आली! गप्प बसलेला मनुष्य आपल्याच बाजूचा, असे त्या राजवटीने कायद्यानेच ठरवून टाकले. गप्प बसून आपण तटस्थ राहतो अशी ज्यांची समजूत असते, त्यांनी या मोजणीचा जरूर विचार करावा.

त्याच वर्षी दोन गोष्टी जोडीने झाल्या. वृत्तपत्रांवरील मुद्रणपूर्व तपासणीला कायद्याचे रूप मिळाले, आणि अंतोनियो फेर्रो यांच्या हाताखाली 'राष्ट्रीय प्रचार सचिवालय' स्थापन झाले. एका हाताने दुसऱ्याचे तोंड बंद करावयाचे आणि दुसऱ्या हाताने आपला कर्णा वाजवावयाचा, अशी ही योजना होती. पुढे महायुद्धाचे पारडे फिरले आणि 'प्रचार' या शब्दाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा १९४४ साली त्या कार्यालयाच्या नावातील 'प्रचार' काढून तेथे 'माहिती' हा शब्द घालण्यात आला. काम तेच राहिले. प्रस्तुत लेखक स्वतः माहिती आणि प्रसिद्धीच्या कामावर वेतन घेतो. त्यामुळे हा नामबदल त्याला विसरता येत नाही.

तपासणीचा कारभार सामान्य माणसापर्यंत कसा पोचे, हे मला पुस्तकांपेक्षा आजोबांकडून अधिक कळले. ते म्हापशाच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. वर्तमानपत्राचे तर सोडाच. जत्रेच्या नाटकाची जाहिरात असो की लग्नपत्रिका असो, तिचे कच्चे प्रूफ घेऊन सरकारी कचेरीत जावे लागे आणि तेथून शिक्का उमटून आल्याखेरीज यंत्राला हात लावता येत नसे. पोर्तुगालमध्ये तपासनिसाची निळी पेन्सिल म्हणीसारखी प्रसिद्ध झाली होती. तिची बहीण आपल्याकडेही होती. एकदा कोणा हौशी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकाच्या जाहिरातीतील 'स्वराज्य' या शब्दातील 'स्व' तेवढा खोडून प्रूफ परत आले, आणि मंडळींनी 'राज्य' एवढेच छापून नाटक पार पाडले. आजोबा ही हकीकत हसत सांगत. परंतु तिच्या शेवटी ते जे सांगत, त्यावर ते हसत नसत. काही वर्षांनी खोडाखोड जवळजवळ बंद झाली, कारण कोणते शब्द जुळवावयाचे नाहीत हे त्यांच्या बोटांनाच समजले होते. गिऱ्हाइकाने तसा शब्द लिहून आणला तर तेच त्याला समजावून बदलून घेत. तपासनिसाचे काम कंपोझिटर करू लागला, आणि तेही बिनपगारी.

त्या नियंत्रणाचा आणखी एक बारकावा असा की, खोडलेल्या मजकुराच्या जागी वर्तमानपत्राला कोरी जागा सोडण्याची मुभा नव्हती. कोरी जागा दिसली तर वाचकाला कळेल की येथून काहीतरी काढले आहे. म्हणून ती दुसऱ्या मजकुराने भरावयाची. सत्य झाकलेच, पण झाकणही झाकून ठेवले.

१८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी बंदी मोडून जी सभा घेतली, तिच्या मुळाशी हीच मागणी होती : बोलण्याचे, लिहिण्याचे, एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. आपण तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतो. तेव्हा हार घालण्याबरोबर ही मूळ मागणी काय होती, हेही मुलांस सांगितले जावे.

देशाबाहेरील जगाला गप्प बसवता येत नव्हते. तेथे राजवटीने शब्दांची अदलाबदल केली. १९५१ साली घटनेत दुरुस्ती करून 'वसाहती' हा शब्द काढून 'सागरपार प्रांत' असा शब्द घालण्यात आला. गावचा पाटील, जकात, शिपाई, तुरुंग, सारे जागच्या जागी. फक्त पाटी बदलली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. आपल्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश कोणते, असे त्याला विचारण्यात आले, तेव्हा असा एकही प्रदेश आमच्याकडे नाही, आमच्याकडे फक्त प्रांत आहेत, असे उत्तर देण्यात आले. सुप्रसिद्ध ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरी यांना १९५१-५२ मध्ये पाहुणचार करून या सर्व प्रदेशांतून हिंडवण्यात आले. त्यांत गोवाही होता. पोर्तुगीज माणूस वंशभेद जाणत नाही, या त्यांच्या सिद्धान्ताचा पुढे मोठाच उपयोग करून घेण्यात आला. फ्रेरी खोटे लिहिणारे गृहस्थ होते असे मला म्हणावयाचे नाही. सरकारी मोटारीतून जेवढे दिसते तेवढे त्यांनी पाहिले. अपप्रचाराला नेहमीच खोटारड्या माणसाची गरज पडते असे नाही. अर्धे पाहिलेला विद्वान त्याला अधिक उपयोगी पडतो.

या शब्दच्छलाला उत्तर मिळण्यास दहा वर्षे लागली. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या ताब्यातील असे प्रदेश नावानिशी नोंदवले, आणि त्या यादीत गोवा आणि त्याच्या अखत्यारीतील भाग होते.

दरम्यान रानातून एक दुसरे उत्तर दिले जात होते. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सीमेलगतच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस ही त्यामागील मंडळी होती. आंबोलीचा परिसर आणि पुढे कॅसलरॉककडील रान या भागांतून, पावसापाण्यात आणि जळवांच्या सोबतीत त्यांनी मुक्तीपर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, हे काम केले. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून बातम्या दिल्या जात, सरकारी प्रचारातील विधानांना उत्तर दिले जाई. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री देण्यात आली. आजोबा सांगत की, शेजारच्या घरी हे केंद्र ऐकताना आवाज इतका बारीक ठेवीत की एकाने कान लावून ऐकावे आणि इतरांना हळूच सांगावे. दुसऱ्या दिवशी सरकारी बातमी ऐकताना मनात आपोआप तुलना होई. मला वाटते, त्या केंद्राने सर्वांत मोठे काम हे केले : लोकांना एका बातमीशेजारी दुसरी ठेवून पाहण्याची सवय लावली.

मुक्तीनंतर ही सवय उजेडात आली. १९६२ च्या मार्चमध्ये 'गोमन्तक' सुरू झाले, १९६३ साली 'राष्ट्रमत' निघाले. विलीनीकरणाच्या प्रश्नावर ही दोन मराठी दैनिके एकमेकांच्या समोर उभी ठाकली. एक महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणे, दुसरे स्वतंत्र अस्तित्व राखावे म्हणे, आणि दोन्ही एकाच भाषेत, कित्येकदा एकाच घरात वाचली जात. दोन्ही बाजूंकडून अतिशयोक्ती झाली नाही, कंड्या पिकल्या नाहीत, असे त्या काळी वावरलेला कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक कंडीला दुसऱ्या दिवशी छापील उत्तर मिळे. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. 'फूल' आणि 'दोन पाने' ही चिन्हे होती. ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले. केंद्रशासित राहावे या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली.

पुढे जे झाले ते मला या सर्व इतिहासात फार बोलके वाटते. अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी निवडणूक झाली, आणि ज्या पक्षाची मुख्य मागणी जनतेने फेटाळली होती त्याच पक्षाला तिने पुन्हा सत्तेवर बसवले. भाऊसाहेब बांदोडकरांनी निकाल मान्य करून त्याच केंद्रशासित प्रदेशाचा कारभार केला. विलीनीकरणाबाबत आजही घराघरांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. हरलेल्याने निकाल मानला आणि जिंकलेल्याने हरलेल्याला शत्रू ठरवले नाही, हे १९३३ च्या त्या सार्वमताशेजारी ठेवून पाहावे.

तरीही, हुकूमशाही ही बाहेरून येणारी वस्तू आहे आणि ती पोर्तुगीजांबरोबर बोटीत बसून गेली, असे समजणे भोळेपणाचे होईल. २५ जून १९७५ च्या रात्री आपल्याच देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली, आणि बातम्यांवर सेन्सॉर बसला. दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. २८ जूनला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचकांनी ती कोरी जागा वाचली. १९७७ च्या मार्चमध्ये मतदारांनीच त्या पर्वाचा शेवट केला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संसदेच्या व विधिमंडळांच्या कामकाजाचे खरेखुरे वृत्त प्रसिद्ध करण्यास घटनेतच संरक्षण दिले. आपल्या घरालाही कुलूप लागू शकते हे त्या एकवीस महिन्यांत दिसले.

आज परिस्थिती उलटी दिसते. तेव्हा एकच आवाज होता. आता खिशातल्या फोनमधून हजार आवाज येतात. कोणाचा आवाज, कोठून निघाला, कोणी पैसे मोजले, हे कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने माणूस जे कधी बोललाच नाही, तेही त्याच्या तोंडी घालून दाखवता येते. सालाझारच्या काळी सत्य दडपले जाई. आज ते गर्दीत हरवले जाते. परिणाम मात्र फारसा निराळा नाही. "कोण जाणे, सगळेच खोटे बोलतात," असे म्हणून मनुष्य शोध घेणे सोडतो, आणि मग जो सर्वांत मोठ्याने बोलेल त्याचे फावते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी काय घडले ते आठवावे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून देशभर पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने त्या संशयाने ठार मारले. आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या इमारतीत गावाने एकत्र बसून विचार करावयाचा, तीच ही इमारत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली. उपाय योग्यच होता, पण त्या पाच जणांना तो उपयोगी पडला नाही.

इतक्या दूरचे उदाहरण कशाला, माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना गोवर आणि रुबेलाची लस देण्याची मोहीम गोव्यात सुरू झाली. एका गावी फोनवर एक ध्वनिफीत फिरू लागली : या लशीने मुलींना पुढे मूल होत नाही. तेथील मुख्याध्यापिकांनी आमच्या कचेरीत दूरध्वनी केला. तो मीच घेतला. अर्ध्या तासात खुलासा लिहून तयार झाला. त्यानंतर तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेला, शब्द बदलले गेले, सही करणारे अधिकारी दौऱ्यावर होते, आणि खुलासा प्रसिद्ध होण्यास चार दिवस लागले. अफवेला कोणाची सही लागत नाही. तोपर्यंत त्या शाळेतील निम्मी मुले घरी बसली होती.

मुख्याध्यापिका आमच्यासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले आणि देवळाच्या मंडपात आयांची बैठक घेतली. "ही गोष्ट तुम्हांला कोणी सांगितली?" असे त्यांनी एकेकीला विचारले. प्रत्येकीने दुसरीचे नाव घेतले, दुसरीने तिसरीचे, आणि शेवटी कोणाच्याही परिचयाचा नसलेला एक आवाज तेवढा उरला. "लस टोचायला येणाऱ्या या बाईंना तुम्ही ओळखता. त्या आवाजाला ओळखता का?" एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीला सर्वांसमोर प्रथम टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी मुले आली. सगळी नाही, पण बहुतेक आली.

या प्रसंगावरून आम्हां सरकारी लोकांस एक गोष्ट मान्य करावयास हवी. ज्या गावात खरी माहिती वेळेवर पोचत नाही, तेथे अफवेला आम्हीच वाट मोकळी करून देतो. केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ साली तथ्यपडताळणीचा कक्ष उघडला, परंतु तो केंद्र शासनाशी संबंधित दाव्यांपुरता आहे. वाड्यावरच्या विहिरीबद्दल, शाळेच्या भिंतीबद्दल, रेशनच्या धान्याबद्दल जी कंडी पिकते, तिला उत्तर तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर आणि शिक्षक यांनीच द्यावयाचे असते, आणि तेही त्याच दिवशी. त्याचबरोबर, गैरसोयीच्या प्रत्येक बातमीवर 'अफवा' असा शिक्का मारून मोकळे होण्याचा मोह अधिकाऱ्यांनी आवरला पाहिजे. पुरवठ्यातले धान्य खरोखरच किडलेले असेल, तर तसे कबूल करावे. एकदा खोटा खुलासा पकडला गेला की पुढचे दहा खरे खुलासे वाया जातात.

ग्रामस्थांच्या हाती साधने आहेत. गोव्याने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला. केंद्रीय कायदा २००५ साली आला. फोनवरील संदेशाने संतापून जाण्यापूर्वी एका साध्या अर्जाने मूळ कागद पाहता येतो. ग्रामसभेत उभे राहून सरपंचांस विचारता येते, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरता येतो. हा आग्रह पुष्कळदा राहून जातो. तोंडी उत्तर सभेबरोबर उठून जाते, लिहिलेले पुढच्या सभेला तेथेच असते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. सातवी-आठवीच्या वर्गात एकाच घटनेची बातमी दोन निरनिराळ्या वर्तमानपत्रांतून कापून आणावी आणि फळ्याच्या दोन बाजूंना चिकटवावी. कोणती गोष्ट दोघांनी सांगितली, कोणती एकानेच सांगितली, आणि कोणत्या वाक्यापुढे सांगणाऱ्याचे नावच नाही, एवढेच मुलांना शोधावयास सांगावे. कोणते पत्र बरोबर, हे शिक्षकांनी सांगू नये. त्या बातम्यांत आमच्या खात्याच्या पत्रकावरून घेतलेली एखादी असली, तर तीही मुलांनी त्याच कसोटीवर खुशाल घासून पाहावी.